मोडलेल्या धनुष्याची शिकवण

रामायणाची कथा ज्या घरांत सांगितली जाते त्या घरांतील लहान मुलासही एका धनुष्याची हकीकत ठाऊक असते, आणि ती हकीकत तें धनुष्य मोडल्याची आहे. जनकाच्या सभेंत शिवधनुष्य कडाडून भंगलें, सभा थरारली, सीतेनें वरमाला घातली, आणि ऐकणाराचें सारें लक्ष त्या राजपुत्राच्या बाहुबळाकडे लागलें. धनुष्य मोडल्याचा आनंद व्हावा असा प्रसंग विरळाच. एरव्हीं धनुष्य मोडतें तेव्हां तें घडविणाराच्या काळजांत धस्स होतें. ज्या झाडाचा बुंधा भरण्यांत पिढीभराचा काळ गेला, ज्याचें लांकूड सुकण्यासाठीं वर्षभर माळ्यावर पडून होतें, आणि ज्याच्यावर पंधरा दिवस रोज संध्याकाळीं कानस फिरली, ती वस्तु डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सरपणांत जमा होते. त्या कडकडाटानंतर हातांत दोन तुकडे उरतात. त्या तुकड्यांचें काय करावयाचें, हाच येथें प्रश्न आहे.

बंदुकीनें धनुष्याला रणांगणावरून केव्हांच हुसकून लावलें. आधुनिक स्पर्धांतील धनुष्यें कांचतंतु, कर्बतंतु आणि धातु यांचीं बनतात. तरीही निखळ लांकडाचें धनुष्य हातानें घडविणारे लोक जगांत अद्याप आहेत. कांहीं आदिवासी जमाती तें परंपरेनें करतात. युरोप-अमेरिकेंतील हौशी माणसें तें फावल्या वेळीं करतात. या सर्वांना एक गोष्ट अनुभवानें कळलेली असते. पूर्ण ताणलेलें धनुष्य हें नऊ दशांश मोडलेलेंच असतें, असें इंग्रज धनुर्धरांत जुन्या काळापासून बोललें जातें. यांत विनोद थोडा आणि सत्य पुष्कळ आहे. खुर्ची करणारा सुतार लांकडावर त्याच्या शक्तीच्या मानानें फारच थोडें ओझें टाकतो, म्हणून खुर्ची तीन पिढ्या टिकते. धनुष्य करणाराला ही चैन परवडत नाहीं. त्याला लांकूड मोडण्याच्या सीमेपर्यंत नेऊन तेथून परत आणावें लागतें, आणि तेंही हजारों वेळां. सीमा फार अलीकडे धरली तर धनुष्य जड व आळशी होतें. जरा ओलांडली तर तें मोडतें. म्हणून या कामांत अपयश हा क्वचित् येणारा पाहुणा नसून नेहमींचा शेजारी आहे.

हा शेजार फार जुना आहे. १९९१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवरील आल्प्स पर्वतांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,२०० मीटर उंचीवर, बर्फांतून एका पुरुषाचें प्रेत वर आलेलें डोंगरांत हिंडणाऱ्या एका दांपत्यास दिसलें. तें पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें ठरलें. 'ओट्झी' या नांवानें तो पुरुष आतां जगभर ओळखला जातो. त्याच्यापाशीं यू नांवाच्या झाडाच्या लांकडाचें, १ मीटर ८२ सेंटिमीटर लांबीचें धनुष्य होतें. परंतु तें पुरें झालेलें नव्हतें. त्यावर तासल्याच्या खुणा तशाच होत्या, आणि दोरी अडकविण्यासाठीं टोंकांना खांचाही पाडलेल्या नव्हत्या. भात्यांत चौदा बाण होते; त्यांपैकीं दोनच तयार होते. पुढें २००१ सालीं क्ष-किरणांनीं तपासणी केली असतां त्याच्या डाव्या खांद्यांत रुतलेलें गारेचें बाणाग्र सांपडलें. त्याच्या शत्रूचें धनुष्य तयार होतें. त्याचें स्वतःचें तयार व्हावयाचें होतें. धनुष्य चांगलें उतरणें न उतरणें हा आज बहुतेकांच्या हौसेचा प्रश्न आहे. त्या काळीं तो अन्नाचा आणि प्राणाचा प्रश्न होता.

धनुष्य कां मोडतें हें समजण्यासाठीं तें वांकतें कसें, हें आधीं पाहिलें पाहिजे. एखादी ओली काडी हळूहळू वांकविली तर बाहेरच्या बाजूची साल ताणली जाते आणि आंतल्या बाजूच्या सालीला सुरकुत्या पडतात. धनुष्याचेंही तसेंच आहे. लक्ष्याकडे असणारी बाजू ही धनुष्याची पाठ, आणि धनुर्धराकडे असणारी बाजू हें त्याचें पोट. मुठीच्या वर व खालीं पसरलेले जे दोन भाग, ते त्याचे बाहू. दोरी ओढली कीं पाठीचे तंतु ताणले जातात, पोटाचे तंतु दाबले जातात, आणि मध्यें असा एक थर राहतो कीं ज्यावर ताणही नाहीं व दाबही नाहीं. बाहू जितका जाड, तितकीं पाठ व पोट या मधल्या थरापासून दूर, आणि तितकाच त्यांवरील भार अधिक.

यांतून या विद्येचा एक कठोर नियम निघतो. शाळेंतील मुलाची लांकडी पट्टी आडवी धरली तर सहज वांकते, उभी धरली तर मुळींच वांकत नाहीं. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पटच होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. हाच हिशेब उलटा केला तर असें दिसतें कीं जाडी केवळ एक दशांश कमी झाली कीं ताठपणा चतुर्थांशाहूनही अधिक उतरतो. जेथें बाहू अर्धा इंच जाड आहे तेथें पुस्तकाच्या बारा पानांइतकें लांकूड अधिक निघालें, कीं त्या जागेचें चतुर्थांश बळ गेलें. आणि काढलेलें लांकूड परत लावतां येत नाहीं. मातीच्या मूर्तीला चूक झाली तर पुन्हां लिंपण घालतां येतें, शिवणाऱ्याला टांका उसवतां येतो. धनुष्य करणाराला मागें जाण्याची वाट नाहीं. त्याची प्रत्येक चूक लांकडांत कायमची लिहिली जाते.

आतां एखाद्या नवशिक्याचें पहिलें धनुष्य पाहावें. तो वखारींत जातो, एक सरळ, गुळगुळीत फळी निवडतो, करवतीनें तिला आकार देतो, रंध्यानें ती आरशासारखी साफ करतो, आणि दोन्हीं टोंकांना खांचा पाडून दोरी चढवितो. दोरी अर्धीअधिक ओढली जाते न जाते तोंच कानठळ्या बसविणारा आवाज होतो. नवशिक्याचा पहिला निष्कर्ष असा कीं लांकूडच वाईट होतें. परंतु तुकडे जुळवून पाहिले तर निराळीच गोष्ट दिसते. भेग पाठीवरून सुरू झालेली असते. तेथून एक लांब, तिरपी शलाका उचललेली असते. आणि ती शलाका लांकडाच्या रेषांबरोबर धांवत फळीच्या कडेला बाहेर पडलेली असते. लांकडाचे तंतु झाडाबरोबर वाढतात. तीं वळणें करवत पाहत नाहीं. ती सरळ जाते आणि वाटेंत येणारे तंतु कापीत जाते. ज्याचे पदर अध्यांमध्यां कापलेले आहेत असा दोर विहिरींत सोडला तर घागर वर येणार नाहीं. त्या फळीच्या पाठीचें तेंच झालें. ती पाहण्यास अखंड होती, पण तंतूंच्या दृष्टीनें ती आधींच तुटलेली होती.

म्हणून जाणते कारागीर ओंडका करवतीनें न कापतां पाचर ठोकून फोडतात. पाचर तंतूंच्या कलानें जाते. फोडलेलें लांकूड वांकडेंतिकडें निघालें तरी त्यांतील तंतु अखंड असतात, आणि धनुष्याला दिसण्यांतील सरळपणापेक्षां हा अखंडपणाच अधिक मोलाचा असतो. झाडाच्या बुंध्यांत दरसाल एकेक वाढीचें वलय पडतें. त्यांपैकीं एकच वलय पाठीवर टोंकापासून टोंकापर्यंत राखावयाचें आणि त्यावर हत्यार चालवावयाचें नाहीं, हा पाठीच्या रक्षणाचा मुख्य नियम. वलय जेथें उंचावेल तेथें पाठही उंचवावी, जेथें खोल जाईल तेथें खोल जावी; आणि जेथें गांठ असेल तेथें ती छाटून सपाट करण्याऐवजीं तिच्याभोंवतीं लांकूड थोडें जास्त ठेवावें. १५४५ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 'मेरी रोझ' नांवाची युद्धनौका बुडाली. १९८२ सालीं तिचा सांगाडा वर काढण्यांत आला, आणि तिच्या अवशेषांतून दीडशेंहून अधिक धनुष्यें मिळालीं. बहुतेक माणसाहून उंच, दोन मीटरच्या आसपास लांबीचीं. यूच्या लांकडाची निवडही मोठ्या जाणतेपणानें झालेली आहे. सालीखालचें पांढरें लांकूड ताण चांगला सोसतें म्हणून तें पाठीला, आणि आंतला तांबूस गाभा दाब चांगला सोसतो म्हणून तो पोटाला.

ती नौका बुडाली त्याच वर्षीं इंग्लंडमध्यें रॉजर ॲस्कम या विद्वानाचा धनुर्विद्येवरील 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धनुष्य कोणकोणत्या कारणांनीं मोडतें याची त्यानें सरळ गणती केली आहे: एक दोरीच्या दोषानें, दुसरें बाणाच्या दोषानें, तिसरें प्रमाणाबाहेर ओढल्यानें, आणि चौथें पोटावर उमटणाऱ्या बारीक चिरांनीं. मोडणें म्हणजे दैवाचा फटका, असें न मानतां त्याचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाचें कारण शोधावें, ही त्याची दृष्टि आजच्या यंत्रशास्त्रज्ञालाही मान्य होईल अशी आहे. दोरी जीर्ण होऊन ऐन ताणांत तुटली, तर जें बळ बाणाला मिळावयाचें तें धनुष्यालाच परत मिळतें आणि तें फुटतें. बाण न लावतां नुसती दोरी ओढून सोडली तरी हाच प्रकार होतो. म्हणून रिकामी दोरी सोडूं नये, हा नियम धनुष्य हातांत घेणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशींच शिकविला पाहिजे.

ॲस्कमनें सांगितलेल्या त्या बारीक चिरांकडे नवशिक्याचें दुसरें धनुष्य त्याला घेऊन जातें. पहिल्या वेळचा धडा घेऊन त्यानें आतां फोडलेलें लांकूड आणलें, पाठीचें वलय जपलें, आणि धनुष्य मोडलें नाहीं. त्याला वाटलें, आपण जिंकलों. परंतु आठवडाभरांत त्याच्या ध्यानांत आलें कीं दोरी उतरली तरी धनुष्य सरळ होत नाहीं. तें दोरीच्याच बाजूला झुकलेलें राहतें. बाण पूर्वींपेक्षां जवळ पडूं लागला. पोटावरून नख फिरविलें तेव्हां एके जागीं आडव्या, केसाएवढ्या सुरकुत्या लागल्या. हें दुसरें अपयश पहिल्याहून अधिक फसवें आहे. पहिलें ओरडून आलें; हें चोरपावलांनीं आलें. पाठ तुटते तेव्हां आवाज होतो. पोट चिरडतें तेव्हां होत नाहीं. लांकूड तंतूंच्या दिशेनें ताण जितका सोसतें तितका दाब सोसत नाहीं. म्हणून पाठ शाबूत असतां पोट आधीं हार खातें.

याचीं कारणें दोन असूं शकतात, आणि खरा कारागीर तीं वेगवेगळीं तपासतो. पहिलें कारण ओलावा. श्रावणांत घरोघर दारें फुगून चौकटींत घट्ट बसतात, कारण लांकूड हवेंतील पाणी शोषून घेतें. ओलसर लांकूड मऊ होतें आणि दाबाखालीं कायमचें दबतें. फार कोरडें झालेलें लांकूड उलट ठिसूळ होऊन तडकतें. यावर उपाय साधा आहे. फोडलेल्या काठीचें दर आठवड्यास वजन करून टिपून ठेवावें. तें उतरेनासें झालें म्हणजे लांकूड सभोंवारच्या हवेइतकें सुकलें. उतावीळ माणसाला हा तराजू नकोसा वाटतो, आणि त्याचीं कितीतरी धनुष्यें करवत लागण्यापूर्वींच बिघडलेलीं असतात.

दुसरें कारण आकार. इंग्लंडांतील लांब धनुष्याचें पोट गोलसर असे, आणि त्या धनुष्याची कीर्ति एवढी मोठी कीं तोच आकार सर्वोत्तम, असें शतकानुशतकें गृहीत धरलें गेलें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत क्लॅरेन्स हिकमन व पॉल क्लॉपस्टेग यांसारख्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांनीं धनुष्य प्रयोगशाळेंत नेलें आणि तें मोजमापाच्या कसोटीला लावलें. गोल पोटाचा अरुंद माथाच मधल्या थरापासून सर्वांत दूर असतो; म्हणून दाबाचा सर्वांत मोठा वांटा त्या चिंचोळ्या पट्टीवर पडतो, आणि शेजारचें लांकूड जवळजवळ रिकामें बसतें. पोट सपाट आणि बाहू रुंद केला कीं तोच भार सगळ्या रुंदीवर वांटला जातो. यूचा गाभा दाबाला विलक्षण चिवट असल्यामुळें गोल आकार त्याला खपून गेला. इतर लांकडांना तो खपत नाहीं. या शास्त्रज्ञांचे लेख १९४७ सालीं एकत्र ग्रंथरूपानें निघाले. त्याच सुमारास, १९४४ सालीं, डेन्मार्कमधील झीलंड बेटावर होल्मेगार्डच्या दलदलींत एल्म झाडाच्या लांकडाचीं धनुष्यें सांपडलीं. त्यांचें वय सुमारें नऊ हजार वर्षांचें, आणि त्यांचे बाहू रुंद व सपाट! एल्मला यूसारखा गाभा नाहीं, तेव्हां बाहू रुंद केला पाहिजे, हें त्या काळच्या शिकाऱ्यांना कोणत्याही समीकरणावांचून उमगलें होतें. किती चिरडलेलीं पोटें पाहून उमगलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कांहीं लोकांनीं अपयशाला आणखी एका मार्गानें उत्तर दिलें. कॅलिफोर्नियांतील याही जमातीचा शेवटचा मनुष्य १९११ सालीं एकटाच वस्तींत आला. त्याचे सारे सोयरे मेले होते. त्यानें आपलें नांव कोणाला सांगितलें नाहीं; त्याच्या भाषेंत 'मनुष्य' या अर्थाचा जो शब्द, त्या 'इशी' शब्दानेंच लोक त्याला ओळखूं लागले. त्याचें धनुष्य आंखूड असे, आणि आंखूड धनुष्याची पाठ फार ताणली जाते. म्हणून तो हरणाच्या पायांतील स्नायूंचे धागे सरसानें पाठीवर चिकटवीत असे. स्नायु लांकडापेक्षां कितीतरी अधिक लांबतो आणि तुटत नाहीं; पाठीचें दुःख तो आपल्यावर घेतो. सॅक्स्टन पोप नांवाच्या शस्त्रवैद्यानें त्याच्यापाशीं बसून ही विद्या शिकून घेतली. १९१६ सालीं क्षयानें इशीचा अंत झाला. मध्यें अवघीं थोडीं वर्षें होतीं. तेवढ्यांत पोप शिकला नसता तर एका संबंध जमातीनें पिढ्यान् पिढ्या धनुष्यें मोडून मिळविलेलें ज्ञान एका माणसाबरोबर मातींत गेलें असतें. पोपनें पुढें धनुष्यावर ग्रंथ लिहिले, आणि अमेरिकेंतील हौशी धनुर्धरांची परंपरा बरीचशी त्या ग्रंथांपासून सुरू झाली.

आतां नवशिक्याचें तिसरें धनुष्य. येथें पाठ जपलेली आहे, लांकूड सुकलेलें आहे, बाहू रुंद आहेत. तरीही तें मोडूं शकतें, आणि त्याचें कारण या कलेच्या अगदीं गाभ्याचें आहे. दोरी थोडी ओढून धनुष्य भिंतीवर टांगावें आणि दहा पावलें दूर उभें राहून पाहावें. चांगल्या धनुष्याचे दोन्हीं बाहू सारख्या, सलग बांकानें वळतात. बिघडलेल्या धनुष्यांत बाहूचा एखादा भाग काठीसारखा ताठ राहतो आणि एखादी जागा कोपरासारखी मोडते. या जागेला इंग्रज कारागीर बिजागरी म्हणतात, आणि हें नांव फार चपखल आहे. दार जसें बिजागरीवरच फिरतें तसा सारा बाहू त्या एका जागेवर वांकतो. नवशिक्याचा स्वाभाविक समज असा होतो कीं दोष तेथेंच आहे, आणि म्हणून तो तेथेंच हात लावावयास जातो. त्या जागेवर आणखी एकदां कानस फिरली कीं धनुष्य संपलेंच म्हणून समजावें.

खरा उपाय अगदीं उलट आहे. बिजागरीला स्पर्श करावयाचा नाहीं. तिच्या दोन्हीं अंगांना जे ताठ भाग आहेत तेथून थोडें थोडें लांकूड काढावयाचें. ती जागा फार वांकते, याचें कारण शेजारचे भाग आपल्या वांट्याचें वांकत नाहींत. ज्या घरांत एकच सून राबते आणि बाकीचीं माणसें पाटावर बसून असतात, त्या घरांत ती सून आजारी पडली तर दोष तिच्या प्रकृतीचा नव्हे. इतरांना कामाला लावणें हाच तिच्यावरचा उपाय. धनुष्य जेथें मोडतें तेथें त्याचा दोष असतोच असें नाहीं. पुष्कळदां दोष जेथें कांहींच झालेलें दिसत नाहीं, तेथें असतो. मोडलेल्या धनुष्यापासून शिकण्यासारखें जें कांहीं आहे त्यांत याहून मोठें दुसरें नाहीं. नुसत्या भेगेकडे पाहणारा हळहळतो. भेगेच्या शेजारीं पाहणारा शिकतो.

हें बांक साधण्याचें काम अतिशय सावकाशीचें आहे. ताठ जागेवर पेन्सिलीनें खूण करावी, कानशीचे चारदोन हात द्यावे, मग दोरी थोडीशीच वीस-तीस वेळां ओढून सोडावी, म्हणजे काढलेल्या लांकडाचा परिणाम तंतूंना कळतो. आणि मग पुन्हां दूर जाऊन पाहावें. दोष दिसला कीं त्यापुढें एक बोटही ओढूं नये. दोष असतांना अधिक ओढलें तर तो दोष लांकडांत पक्का होतो, आणि मागाहून बांक सुधारला तरी तेथील तंतु दुबळेच राहतात. बहुतेक धनुष्यें मोडतात तीं अज्ञानानें नव्हे, तर या एका नियमाच्या उल्लंघनानें. रात्र झालेली असते, डोळे थकलेले असतात, काम जवळजवळ पुरें झालेलें असतें, आणि एकदां पूर्ण ओढून पाहावें असा मोह होतो.

या दुरुस्तीची किंमतही द्यावी लागते. प्रत्येक वेळीं लांकूड कमीच होतें, आणि त्याबरोबर धनुष्याचें बळ उतरतें. पन्नास पौंडांचें धनुष्य करावयास निघालेल्या माणसाच्या हातीं बांक साधेपर्यंत तीस पौंडांचें उरतें. तेथें त्याच्यापुढें दोन वाटा असतात. मूळचा आंकडा सोडवत नाहीं म्हणून बांक वेडावांकडा ठेवावा आणि धनुष्य गमवावें; किंवा आंकडा सोडून द्यावा आणि बांक राखावा. शहाणा दुसरी वाट धरतो, धनुष्य थोडें आंखूड करतो, आणि तें घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातांत देतो. बापासाठीं आरंभलेलीं कितीतरी धनुष्यें अशीं मुलांचीं होतात, आणि तें कांहीं वाईट नव्हे.

मोडलेल्या तुकड्यांकडे पाहण्याचीही एक रीत आहे. ते रागानें चुलींत घालूं नयेत. रात्र जाऊं द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं उजेडांत जुळवून पाहावे: भेग पाठीवर सुरू झाली कीं पोटावर? रेषेबरोबर धांवली कीं आडवी गेली? गांठीशीं आहे कीं मोकळ्या जागीं? भेगेच्या दोन्हीं अंगांची जाडी मोजून टिपावी. मग त्या तुकड्यांवर लांकडाचें नांव, सुकण्याचा काळ आणि मोडतेवेळचा ओढ लिहून ते बाजूला ठेवावे. पुढच्या धनुष्यांत एकच गोष्ट बदलावी. एकाच वेळीं लांकूड, लांबी आणि आकार असें सगळें बदललें तर यश आलें तरी तें कशानें आलें हें कळत नाहीं, आणि न कळलेलें यश अपयशाइतकेंच निरुपयोगी. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही म्हण सर्वांना पाठ आहे. पण पुढचा आणि मागचा एकच मनुष्य असेल तर ठेंच कोठें लागली हें त्यानें लिहून ठेवणें भाग आहे.

आपल्या देशांतही या अनुभवाचा सांठा लहान नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत शस्त्रागाराच्या प्रकरणीं ताड, बांबू, लांकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांचीं धनुष्यें सांगितलीं आहेत, आणि दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायु इत्यादि पदार्थ दिले आहेत. सातपुड्यांतील भिल्लांचा परंपरागत कमठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ कामटीची. महाराष्ट्राच्या जंगलांतील धामणीचें लांकूड लवचिक म्हणून कावडीच्या दांड्यांना व धनुष्यांना वापरलें जात आलें. संस्कृतांत तिचें 'धन्वन' हें नांवच धनुष्याची आठवण देतें. बांबू पोकळ आहे, ताड तंतुमय आहे, धामण चिवट आहे. तेव्हां एकाचे नियम दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहींत. ज्या द्रव्याला जो आकार मिळाला तो पुस्तकांतून आलेला नाहीं. कोणी तरी पहिल्यानें चुकीचा आकार दिला, तो मोडला, आणि दुसऱ्यानें तो तुकडा उचलून पाहिला, असें पुष्कळदां घडल्यावांचून ही निवड झालेली नाहीं.

'मोडेन पण वांकणार नाहीं' हें वाक्य मराठी माणसाला फार आवडतें. बाणेदार मनुष्याच्या तोंडीं तें शोभतेंही. परंतु जें लांकूड असें म्हणतें त्याचें धनुष्य होत नाहीं. त्याची फार तर काठी होते. जें वाटेल तसें वांकतें आणि वांकलेलेंच राहतें, त्याचेंही धनुष्य होत नाहीं. जें सर्वांगानें सारखें वांकतें आणि सोडतांच पुन्हां आपल्या जागीं येतें, त्याचेंच धनुष्य होतें. ज्याच्या कोपऱ्यांत दहा मोडकीं धनुष्यें नांवनिशीवार ठेवलेलीं आहेत, त्यानें भिंतीवरचें अकरावें उतरवून दोरी चढविली म्हणजे त्याचा हात कांपत नाहीं. आवाज झालाच तर तो कोठून आला हें कसें शोधावें, हें त्याला ठाऊक झालेलें असतें.